गच्चीवरचं शेत

आमच्या सोसायटीतल्या दत्तोबांच्या घरात बाजारातून आणलेलं कापड म्हणजे फक्त अंगावरचं. बाकी सगळं कंपनीचं. पायपुसणं जाड फेल्टचं, झोपाळा कन्व्हेयरच्या जुन्या पट्ट्याचा, पडदे गाळणीच्या पांढऱ्या कापडाचे. हडपसरला औद्योगिक कापडाच्या ज्या कारखान्यात ते स्टोअरला होते, तिथे खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की टाकाऊ कापड कामगारांना वाटायची पद्धत होती. बाकीचे पेढे घेऊन घरी जायचे. दत्तोबा टेम्पो घेऊन यायचे. "पाहुणा जास्त वेळ बसला तर त्याचंही काहीतरी शिवाल," असं मी एकदा म्हटलं, तेव्हा त्यांच्या पत्नी तुळजाबाई पोट धरून हसल्या.

गच्चीवरच्या पिशव्यांची थट्टा मात्र दत्तोबांना चालत नसे. ही इमारत उभी आहे तिथे त्यांचं शेत होतं. भावकीनं विकायचं ठरवलं, तेव्हा जेसीबी येण्याआधी त्यांनी वरची काळी माती कंपनीच्या जंबो बॅगांत भरून मेहुण्याच्या अंगणात ठेवली. इमारत झाल्यावर बिल्डरच्या विनवण्या करून माल चढवायच्या लिफ्टनं गच्चीवर नेली. तिच्यात मेथी, वांगी आणि त्यांच्याच बांधावरची अबोली लावली. "शेत गेलं नाय आमचं, वर चढलंय," म्हणायचे.

विणलेल्या प्लास्टिकची ही पिशवी उन्हात दोन-तीन वर्षांत विरते. दत्तोबांना ते ठाऊक होतं. पण दर दसऱ्याला नव्या पिशव्या मिळत आणि माती पालटली जाई. विटांचे वाफे बांधून घ्या, असं मी कितीदा तरी सांगितलं. "कंपनीचा माल हाय साहेब, टनभर वजन पेलतो," हे ठरलेलं उत्तर. पुढे कंपनी टाकाऊ माल भंगारवाल्याला द्यायला लागली आणि दोन दसरे दत्तोबाही नुसते पेढे घेऊन घरी आले. पिशव्यांना बोट लावलं की भुगा हातात यायचा. ते सुई-दोरा घेऊन बसायचे. एक टाका घातला की शेजारी फाटायचं.

या उन्हाळ्यात गळक्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं. सोसायटीच्या सभेत दत्तोबा म्हणाले, दसऱ्यापर्यंत थांबा, कुठूनतरी नव्या पिशव्या मिळवतो. आमोद, आमचा सेक्रेटरी, म्हणाला, "काका, दसऱ्याच्या आधी पावसाळा येतो. कॅलेंडर असेलच आपल्याकडे." त्याचं बरोबर होतं, म्हणून तर मला जास्त चीड आली. त्यांच्या बाजूनं हात वर झाला तो माझा एकट्याचा.

ठेकेदाराची माणसं पिशव्या हलवायला आली. "पट्ट्याला धरा, हळू," दत्तोबा सांगत होते. पट्टेच हातात आले. पहिली पिशवी जागच्या जागी बसली, मग तिच्या शेजारची. काळी माती, फुटक्या फरशा, प्लास्टिकचे पांढरे तंतू, सगळं एक झालं. दत्तोबा गुडघे टेकून तंतू वेचायला लागले. मूठभर मातीतले वेचून होईपर्यंत गच्ची निम्मी रिकामी झाली होती. शेत राडारोड्याच्या ट्रॉलीतून निघून गेलं. तुळजाबाईंनी अबोलीचं एक रोप कुंडीत लावलं, तेही वाळलं. मला फार वाईट वाटलं, आणि शिव्या द्यायला समोर माणूसही नव्हता.

यंदा कंपनीत नवा मॅनेजर आला आणि वाटप पुन्हा सुरू झालं. दत्तोबांना न वापरलेल्या, कोऱ्या करकरीत जंबो बॅगा मिळाल्या. मी गच्चीवर गेलो तेव्हा वॉटरप्रूफिंगच्या नव्या पांढऱ्या रंगावर त्यांनी एक पिशवी उघडून उभी केली होती आणि आत बघत होते.

"नर्सरीतून माती आणू या," मी म्हटलं.

"मिळंल की. पर ती माती कुणाची?"

त्यांनी पिशवी आडवी केली, हातानं सुरकुत्या काढल्या आणि नीट चौकोनी घडी घातली.

"ऱ्हाऊ द्या साहेब. माझ्या तेराव्याला मान्सं बसायला व्हतील."