दीडशे व्होल्टची ऊब

साठचं दशक अर्धं सरलं होतं. मी डहाणू रोडच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. तिशीही गाठली नव्हती, आणि स्वभाव असा की फळ्यावरच्या माझ्या गणितावर कोणी शंका घेतली तर डोकं तापायचं.

त्या थंडीत गावाबाहेरच्या प्रसूतिगृहातून डॉक्टरबाईंचं बोलावणं आलं. सायवनकडच्या एका शेतकरणीला सातव्याच महिन्यात मुलगी झाली होती. आई तापाने फणफणलेली, पोर ओंजळीत मावेल एवढी. "हिला ऊब मिळाली नाही तर ही जगणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "शेगडीचा धूर चालायचा नाही. तुम्ही वीज शिकवता ना? मग करा काहीतरी."

चिकूची एक पेटी घेतली. तळाशी चाळीस वॅटचे चार बल्ब, वर भोकं पाडलेली फळी, त्यावर गोधडी. बल्बवर दोनशे तीस व्होल्ट छापलेलं होतं. चाळीस चोक एकशे साठ वॅट. त्याला दोनशे तीसने भागलं की पॉइंट सात अँपिअर प्रवाह. दोनशे तीसला पॉइंट सातने भागलं की रोध सव्वातीनशे ओहमच्या थोडा वर. सकाळी आठला पेटी लावली, तासाभराने हात घालून पाहिला, छान ऊब होती. पोरीला आत ठेवलं. गणिताचा कागद मी भिंतीला चिकटवला. गरज कोणालाच नव्हती, पण मला मिरवायचं होतं.

मधल्या सुट्टीत डोकावलो. पोरीची मावशी पेटीत मनगट घालून बसली होती. चाळिशीची बाई, बहिणीसोबत गावाहून आलेली.

"मास्तर, पेटी गार पडली."

"चारही बल्ब लागलेत. गार कशी पडेल?"

"लागलेत, पन गार हाय. आमी भात रुजाया घालतो ना टोपलीत, तवा असंच मनगट घालून बघतो. ऊब गेली तर मोड मरतो. तुमी हात घालून बघा ना."

"गरज नाही," मी म्हणालो आणि भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. "एकशे साठ वॅट. एवढी ऊब निघणारच. सारखा हात घालून तुम्हीच ती घालवताय. झाकण लावा आणि बाहेर जाऊन बसा."

ती उठली आणि ओसरीवर जाऊन बसली. मी शाळेत येऊन दोन तास घेतले. चांगले घेतले, हेही आठवतं.

चारला परत गेलो तेव्हा पेटी रिकामी होती. डॉक्टरबाईंनी पोरीला पदराखाली छातीशी धरलं होतं. तिची पावलं निळसर झाली होती. रडायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

"मावशीला बाहेर कोणी बसवलं?" डॉक्टरबाईंनी एवढंच विचारलं.

मी शाळेकडे पळत सुटलो. प्रयोगशाळेच्या कपाटातून एसी विजेचे दोन मीटर, एक व्होल्टचा आणि एक अँपिअरचा, काढले आणि धापा टाकत परत आलो. व्होल्टमीटरचा काटा दीडशेवर होता. अँपिअर अर्ध्याहून जेमतेम जास्त, पॉइंट पंचावन्न. दोहोंचा गुणाकार ऐंशीच्या किंचित वर. बल्बमधल्या तारा कमी तापल्या म्हणून रोधही उतरला होता, पावणेतीनशेच्या आसपास. विजेचा दाब तिसऱ्या हिश्श्याने पडला होता आणि ऊब निम्मी झाली होती. माझ्या कागदावरचा एकही आकडा दुपारपुरता खरा नव्हता.

कारण रस्त्यावरच्याच गिरणीत होतं. नवं भात आलेलं, गिरणीची मोटर अकराला सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. आमची तार त्याच तारेच्या शेपटाला, म्हणून मोटर चालली की आमच्याकडे दाब पडायचा. मी पेटी आठला लावली होती. बल्बवर छापलेला आकडा मी वायरीतून येणारा समजलो होतो. नववीतल्या पोराने हे केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

दुसऱ्या चार बल्बांची रांग लावली, तिला वेगळं बटण. दाब पडला की आठ, दाब आला की चार, नाहीतर पोर होरपळायची. बटण कोणी सांभाळायचं, असं मी विचारलं.

"जिला कळतं ती सांभाळेल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मावशीने सव्वा महिना ते बटण सांभाळलं. गिरणीचा आवाज तिने कधी विचारात घेतला नाही. मनगट घालायची आणि ठरवायची. मी रोज सकाळ-दुपार मीटर बघायचो आणि दर वेळी बटण योग्य जागी असायचं. त्या दुपारबद्दल मला तिची माफी मागायची होती. रोज ठरवून जायचो आणि व्होल्ट तेवढे सांगून परत यायचो. याची लाज मला आजही वाटते.

तिघी गावी निघाल्या त्या दिवशी आई पोरीला घेऊन बसच्या वाटेला लागली होती. पोरीच्या गालांवर मांस आलं होतं. मावशीने बहिणीला थांबवलं, माझा हात धरला आणि माझं मनगट पोरीच्या दुपट्याआड तिच्या पोटावर टेकवलं.

"आता तरी बघा, मास्तर. गार हाय का?"

"नाही," मी म्हणालो. मी मनगट तसंच ठेवलं, आणि तिनेही घाईने हात सोडला नाही.