आईच्या कॉलचा नमुना

लोअर परळच्या ऑफिसात माझं काम काय, असं कोणी विचारलं की मी सांगायचे, फोन न ऐकता ओळखायचा. इंटरनेटवरचा कॉल कुलूपबंद असतो, आतलं बोलणं आम्हाला कळत नाही. पण आवाजाची बारकी बारकी पाकिटं दोन्ही बाजूंनी एका ठेक्यात येत-जात राहतात. व्हिडिओ नुसता एकाच बाजूने बदाबदा ओततो. तेवढ्यावरून ओळखायचं. यात वाईट काही आहे असं मला वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू?

आमची यंत्रणा एकाच ठिकाणी आपटायची. माणसं गप्प बसली की पाकिटं आखडतात, आणि कॉल चालू आहे हेच तिला उमगायचं नाही. नमुन्यासाठी ऑफिसातली पोरं एकमेकांना फोन लावायची, "हॅलो, बोल ना यार काहीतरी," की संपलं. साहेब वैतागले. म्हणाले, खरेखुरे आणि लांबलचक कॉल आणा. अहो, माझ्या घरात तर खाण होती त्यांची!

धाकटा भाऊ आखातात नोकरीला. करी रोडच्या घरी आई रोज संध्याकाळी त्याला इंटरनेटवरून फोन लावायची, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवायची आणि बांगडे साफ करायला बसायची. तिकडे तो इस्त्री करायचा. पाच-पाच मिनिटं दोघं अवाक्षर काढायची नाहीत. मध्येच ही, तो आहे ना बघायला, "आसंस मा रे?" तो, "आसंय गे आये." झालं. आईला विचारून मी महिनाभर त्या कॉलची पाकिटं टिपली. ती काय खूश! "माझ्या फोनाचो हापिसाक उपयोग?" म्हणून शेजारी सांगून आली.

यंत्रणा शिकली. गप्प असलेला कॉलही आठ सेकंदांत ओळखू लागली. ऑफिसात केक कापला, मीही तोंड भरून खाल्ला.

मग ती यंत्रणा विकली गेली. कुठे, ते मला भावाच्या फोनवरून कळलं. कॉल लागायचा, "आये" एवढं ऐकू यायचं आणि मरायचा. मी घड्याळ लावून बघितलं. आठ सेकंद. लोकांनी पैसे मोजून साधा फोन करावा म्हणून असे इंटरनेटवरचे कॉल तोडायला तिथल्या फोन कंपनीने आमचाच माल बसवला होता. मी साहेबांशी भांडले. "गिऱ्हाइकाचं नेटवर्क आहे, आपण काय करणार?" एवढंच त्यांचं उत्तर. भाऊ साधा फोन करायचा, पण तो महाग. "जेवलंस? गोळी घेतलंस?" विचारायचा आणि ठेवायचा. गप्प बसायला त्यात जागाच नव्हती.

आईने ठरवून टाकलं, पोरगा मुद्दाम फोन कापतो. आपला कंटाळा आलाय त्याला.

शेवटी एका रविवारी मी तिच्यापुढे बसले आणि सगळं ओकले. तुझेच कॉल मी ऑफिसात दिले. त्यांच्यावरूनच ते यंत्र शिकलं, आणि तेच आता तुमचा फोन तोडतंय. तुझ्या लेकाचा काही दोष नाही, आई. मी केलं हे. बोलता बोलता मला रडू फुटलं.

तिने पदराने माझे डोळे पुसले. "ल्हानपणापासून तेचो गुन्हो तू आपल्या आंगावर घेतंस," ती म्हणाली. "पुरे आता, गो बाय. तेका आये नको झाली, इतक्या माका कळता."

त्या दिवसापासून ती त्याचा साधा फोनही उचलत नाही.