डोळ्यांसमोरचं उदाहरण

क्लासमध्ये त्यांना सगळे फरकसर म्हणत. इंग्रजी शिकवायचे आणि उठताबसता एकच विचारायचे, "फरक काय?" पगार बेताचा, कोट एकुलता एक, पण दोन शब्दांची कुणी गल्लत केली की पारा चढलाच!

यंदा त्यांना ठेवायचं की नारळ द्यायचा, हे ठरवायला क्लासच्या मालकीणबाई स्वतः मागच्या बाकावर येऊन बसल्या. शेजारच्या वर्गात नवा मास्तर पडद्यावर चित्रं नाचवत होता, तिथला हशा इकडे ऐकू येत होता. सरांनी मग आपला हुकमी धडा काढला.

"आपण आळशी लोक. सगळ्यालाच कंटाळवाणं म्हणून मोकळे होतो. पण रंगरूपच नाही, ते ड्रॅब. एका सुरात चाललेलं, ते मोनोटोनस. संपता संपत नाही, जीव खातं, ते टीडियस. आणि चवच नाही, ते इन्सिपिड. आता उदाहरणं द्या. पुस्तकातली नकोत, डोळ्यांसमोरची!"

हा त्यांचा जुना नियम. आजवर पोरं भिंत, पंखा, कँटीनचा चहा असलं काहीबाही सांगत आली होती.

पहिल्या बाकावरची हुशार मुलगी उठली. खोडसाळपणाचा लवलेश नाही हो तिच्यात, तेच तर वाईट. "सर, ड्रॅब तुमचा कोट. मोनोटोनस तुमचा आवाज. टीडियस हा तास. आणि इन्सिपिड..." ती जरा अडखळली. "तुमचे विनोद."

वर्गात हसून हसून गोंधळ. मालकीणबाईंनी तोंडाला रुमाल लावला. सरांचे कान तापले. 'चूक, बस खाली' एवढं म्हटलं असतं तरी लाज राहिली असती. पण इतकं नेमकं उत्तर त्यांना आजवर कुणी दिलं नव्हतं.

"बरोबर," ते म्हणाले. "चारही बरोबर."

तासानंतर बाई गोड बोलल्या, "शिकवता छान हो, पण मुलं टिकायला हवीत ना!" झालं, नोकरी गेली.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "अहो, चूक म्हणायला काय जीभ झडली होती?"

"चूक नव्हतं गं."

तिनं हातातला टॉवेल आदळला. "इतकी वर्षं मी या घरात कंटाळले, कंटाळले म्हणून कोकलतेय. दर वेळी 'नेमका कुठला कंटाळा' म्हणून माझीच उलटतपासणी! मला कधी म्हणालात हो बरोबर?"