शमुवेलकाकांचं उत्तर

“न्हाय,” शमुवेलकाका म्हणाले. अगदी स्पष्ट.

पाळकसाहेबांनी बायबल मिटलं. त्यांनी एवढंच विचारलं होतं, “प्रभू येशूला आपला तारणारा म्हणून स्वीकारता का?” काकू खाली बघत राहिल्या.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. काका आमच्या जुळे सोलापूरच्या सेंटरचे पेशंट. मूळचे वेळापूरकडचे, रिटायर्ड बस मेकॅनिक. स्ट्रोकनंतर त्यांना अफेझिया झाला. म्हणजे मनात एक असतं, तोंडातून दुसरंच निघतं. चहा हवा असला तरी ‘न्हाय’. घर ख्रिस्ती, पण त्यांच्या चर्चच्या मंडळीत बाप्तिस्मा मोठेपणी, स्वतःच्या तोंडानं कबूल करून, पाण्यात उतरून घ्यायचा असतो. काकांनी तो वर्षानुवर्षं पुढे ढकलला. तयार झाले आणि त्याच महिन्यात स्ट्रोक आला. डॉक्टरांना दुसऱ्या स्ट्रोकची भीती होती. बाप्तिस्मा रविवारी ठरला होता. आज गुरुवार, पाळकसाहेब त्याच तयारीसाठी सेंटरवर आले होते.

“मंडळीसमोर न्हाय म्हणाले तर मी यांना पाण्यात कसं उतरवू?” पाळकसाहेब म्हणाले.

“मॅडम, तुमी निस्तं व्हय म्हणायला शिकवा की,” काकू म्हणाल्या.

ते जमलं असतं. पण घोकून घेतलेलं ते व्हय माझं झालं असतं, काकांचं नाही. तसं मी काकूंना सांगितलं.

“आन् असंच ऱ्हायलं तर? बाप्तिस्म्याबिगर ह्यांनी देवाकडं जायचं कसं?” काकूंनी विचारलं.

मी बाहेर जाऊन सेंटरच्या प्रमुख सरांना फोन केला. “धर्माच्या भानगडीत पडू नकोस,” ते म्हणाले. “कॉम्प्रिहेन्शन तपास आणि रिपोर्ट दे.” कॉम्प्रिहेन्शन म्हणजे ऐकलेलं कळतं का, ते.

काकांसमोर दोन कार्डं ठेवली. हिरवी टिक, लाल फुली. “बोलू नका, हात ठेवा.” उजवा हात लुळा, म्हणून डावा.

“तुम्ही मेकॅनिक होता?” तोंडानं न्हाय, हात टिकेवर. “आपण आता वेळापुरात आहोत?” तोंडानं व्हय, हात फुलीवर. दहापैकी दहा बरोबर.

“आता तुम्ही विचारा,” मी पाळकसाहेबांना म्हणाले. “पण एक प्रश्न असा हवा, ज्याचं खरं उत्तर ‘नाही’ असं आहे.”

त्यांनी जरा विचार केला. “शमुवेल, तुम्ही आयुष्यभर चांगलं वागलात. त्या पुण्याईवर तुमचं तारण होईल?”

“व्हय,” काका म्हणाले. हात टिकेकडे निघाला. काकूंनी डोळे मिटले. मी पेन घट्ट धरलं. टिक आली तर तीही लिहावी लागणार होती.

हात मध्येच थांबला. मग सरकत फुलीवर गेला.

“तारण देवाच्या कृपेनं होतं, आपल्या कामानं नाही,” पाळकसाहेब मला हळूच म्हणाले. मग काकांकडे वळले. “स्वतःला पूर्ण प्रभूच्या हाती सोपवता?”

“न्हाय.” काकांनी डाव्या हातानं लुळा उजवा उचलला आणि दोन्ही हात टिकेवर ठेवले.

रविवारी पाळकसाहेबांनी मंडळीला आधीच सगळं समजावलं आणि कार्डं धरली. काका जोरात न्हाय म्हणाले आणि हात टिकेवर ठेवला. कोणी हसलं नाही. दोघांनी धरून त्यांना हौदात उतरवलं.

तेव्हापासून मी ज्यांची सगळी उत्तरं ‘हो’च येतात, असे प्रश्न कुणालाच विचारत नाही. त्यातून पेशंटचं काही कळत नाही. फक्त विचारणाऱ्याला बरं वाटतं.