‘माझाच हात असेल’

श्री. दत्ताराम पाष्टे, म्हणजे आम्हा सगळ्यांचे पाष्टेमामा, यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. आपल्या गावची नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली त्या सुमाराची गोष्ट. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी तपासनीस म्हणून नुकता रुजू झालो होतो. काचेच्या बाटल्या ज्या लोखंडी साच्यांत घडतात, ते साचे कारखान्यांतून आमच्याकडे साफ व्हायला येत. शेठ मला गाळा दाखवत होते. कोपऱ्यात एक गृहस्थ मांडीवर साचा घेऊन बसले होते आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. मी जवळ गेलो तर एकदम गप्प झाले. मला वाटलं, झालं, माझ्याबद्दलच चाललं होतं.

मी मुळातच संशयी माणूस, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दूधवाल्याने माप ओतलं की फेस बसेपर्यंत मी पातेलं उचलत नाही. रिक्षावाला ‘बसा साहेब’ म्हणाला की हा लांबून नेणार असं धरूनच चालतो. आमची सौ. म्हणते, ‘तुमच्यापुढे देव उभा राहिला तर त्याचंही रेशनकार्ड मागाल.’ वाचकांनी हे ध्यानात ठेवून पुढचं वाचावं.

मामांच्या कामाबद्दल लिहायला हवं. साचा दोन अर्ध्यांचा असतो, पुस्तकासारखा उघडतो. आत जळक्या तेलाची काजळी घट्ट बसलेली असते. बाकीचे कारागीर तारेचा ब्रश घेऊन तुटून पडत. मामा तसं करत नसत. रॉकेल, नारळाचा काथ्या आणि भाताच्या तुसाची राख, एवढंच त्यांचं सामान. राख ते गुहागरहून येताना पिशवीभर आणत. त्या राखेवरूनही माझ्या मनात पाल चुकचुकली होतीच. हे काय अंगारेधुपारे, असं मी एकाला विचारलंही.

मामांनीच मग समजावून सांगितलं. “काजळी काढायची, तांबे. लोखंडाची कातडी नाही सोलायची. ही कड बघा, दोन अर्धे जिथे भिडतात ती. ही धारदार पाहिजे. गोल झाली की फटीत काच शिरते आणि बाटलीवर रेघ उभी राहते. कड गेली की साचा भंगारात.”

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, कामचुकारपणाला काय सुंदर कारण शोधलंय! कारण मामांच्या हातून निघालेला साचा काळसरच दिसायचा. चकाकायचा म्हणून नाही.

एका शनिवारी केसतेलाच्या बाटलीचा साचा आला. चांगला महागातला, जवळजवळ नवा. मामांनी तो साफ केला, साच्यासोबतच्या कार्डावर ‘साफ केले’ या ओळीसमोर सही केली आणि घरी गेले. त्याखालची ‘तपासले’ ही ओळ माझी. मी साचा उघडून पाहिला. काळा! मला वाटलं, हा माणूस नवीन तपासनीसाला चक्क येडा बनवतोय. मी कोणाला विचारलं नाही. मोटारीवर तारेचं चाक लावलं आणि तो साचा स्वतःच्या हाताने असा घासला, असा घासला, की त्यात तोंड दिसावं. मग ऐटीत सही ठोकली. काय सांगू, त्या रात्री जेवताना मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

आठवडा संपायच्या आत साचा परत आला, सोबत बाटल्यांची खोकी. प्रत्येक बाटलीच्या दोन्ही अंगांना रेघ. एक धारदार रेघ शेठच्या अंगठ्याला लागलीसुद्धा. भट्टीवर चढल्यावर साच्याची चकाकी केव्हाच गेली होती, तेल जळून तो पुन्हा काळाकुट्ट झाला होता. घासून गोल झालेली कड तेवढी तशीच होती. त्यामुळे तो कोणी आणि कशाने घासला, हे आता पाहून कळण्यासारखं नव्हतं.

“पाष्टे, हे काय केला तुमी?” शेठ म्हणाले. “कार्डावर सही तुमचीच हाय ना?”

मामांनी साचा जवळ घेतला. कडेवरून नख फिरवलं, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, “माझाच हात असेल, शेठ.”

मी हातभर अंतरावर उभा होतो. कार्डावर खाली माझीही सही होती, पण नवा माणूस म्हणून मला कोणी विचारलं नाही. नोकरीला तीन महिने झालेले, पूनम सागरला भाड्याचं घर, सौ.ला सातवा महिना. ही कारणं आहेत आणि खरी आहेत. पण मी बोललो नाही, हे त्याहून खरं आहे. त्या महिन्यात मामांना हेडमिस्त्री करायचं ठरलं होतं, तसं गाळ्यात सगळ्यांना माहीत होतं. ते राहून गेलं. उलट वर्षभर त्यांनी साच्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. रॉकेलचे डबे भरणं आणि टेंपोतून साचे उतरवणं हे काम त्यांच्याकडे आलं. बावन्न-त्रेपन्न वर्षांचा, अख्ख्या लाइनीत नाव असलेला कारागीर हमाली करत होता आणि मी कार्डांवर सह्या करत होतो.

आणि माझी झोप उडाली ती त्या एका शब्दाने. ‘असेल!’ मामा ‘आहे’ म्हणाले नाहीत, ‘नाही’ म्हणाले नाहीत. ‘असेल’ म्हणाले. का? ह्यांना माहीत आहे, असं माझ्या मनाने घेतलं. माहीत आहे आणि मुद्दाम दार किलकिलं ठेवलंय. वेळ आली की पुरतं उघडतील. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते माझ्या मनात सात वर्षं होतं.

वर्षाने मामा पुन्हा साच्यांवर आले आणि त्यांनी एक नवीनच प्रकार सुरू केला. भर दुपारी मागच्या खोलीचं दार लावून दिवे मालवायचे. लोक म्हणत, मामा झोप काढतात. मी पाळत ठेवून दार ढकललं. आत गडद अंधार आणि त्या अंधारात मामा जागे. बंद साच्याच्या आत त्यांनी छोटा बल्ब लावला होता आणि दोन अर्ध्यांच्या मधून उजेड कुठे झिरपतो का ते पाहत होते. कड शाबूत असेल तर उजेड दिसत नाही. प्रत्येक साचा ते असा तीनदा बघत.

“या तांबे,” ते म्हणाले, “तुम्ही पण बघा. माझ्या एकट्यावर भरवसा नको.”

मला वाटलं, हा सापळा आहे. मला कडा दाखवून दाखवून हे माझ्या तोंडून वदवून घेणार. मी पाहिल्यासारखं केलं आणि बाहेर सटकलो. खरं तर साचा पारखायला मी त्यांच्याकडूनच शिकलो, त्या खोलीत, रोज थोडं थोडं, आणि रोज घाबरत.

मामांच्या या गौरव अंकात त्यांच्या चांगुलपणाचे किस्से सगळेच लिहितील. माझ्यापाशीही आहे. धाकटीच्या जन्माच्या वेळी सौ. अकरा दिवस भाईंदर पश्चिमेला दवाखान्यात होती. आमचं गावाकडचं कोणी पोचलं नव्हतं. मामी पेज करून देत आणि मामा ती किटलीत घालून पेणकरपाड्याच्या घरून रोज सकाळी आणत, मग कामावर येत. सौ.च्या डोळ्यांत पाणी यायचं. आणि मी काय करत होतो? खाटेच्या पायथ्याशी बसून राहत होतो, मामा निघेपर्यंत हलत नव्हतो. मामा सगळं बाईमाणसाच्या कानावर घालून मोकळे होतील, ही मला धास्ती. अकरा दिवसांत मामा तिच्याशी बोलले ते एवढंच, “मीठ बरोबर आहे ना, पोरी?” लाज वाटते, पण लिहितो.

आता मामांच्या साठीचा कार्यक्रम ठरला. कार्यक्रमाच्या समितीने गौरव अंकासाठी मला लेख मागितला. मामांच्या कामातल्या सचोटीवर लिहा म्हणाले. तीन वेळा कागद पुढे ओढला. सचोटीचा ‘स’ लिहिला की हात थांबायचा. शेवटी गेल्या रविवारी पेणकरपाड्याला त्यांच्या घरी गेलो. मामींनी चहा ठेवला आणि त्या आत गेल्या. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. शनिवार, तारेचं चाक, सही. वर म्हणालो, “तुम्हाला माहीतच होतं म्हणा. कधी बोलला नाहीत, हा तुमचा मोठेपणा.”

मामांनी कप खाली ठेवला.

“कोणी सांगितलं मला माहीत होतं?”

“तुम्ही ‘असेल’ म्हणाला होतात.”

“अहो, असेल म्हणजे असेल!” त्यांचा आवाज चढला. सात वर्षांत पहिल्यांदा मी तो चढलेला ऐकला. “मला आठवत नव्हतं. शनिवारची घाई होती, वाटलं, लागला असेल जोर. दुसरं कोण हात लावणार माझ्या साच्याला? सात वर्षं मी माझ्याच हाताला चोर समजतोय, तांबे. नातवाला आंघोळ घालताना हात आखडतो माझा. वाटतं, जास्त जोर तर लागत नाही ना पोराला?”

ते आपल्या तळहातांकडे बघत राहिले, उलटे करून, सुलटे करून. मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकली की नाही कोण जाणे. मग म्हणाले, “तुम्ही लिहिणार आहात ना काहीतरी? मग हे लिहा. आधी हे. माझ्या मोठेपणाचं राहू द्या.”

तर मंडळी, हे लिहिलं. केसतेलाच्या बाटलीचा तो साचा दत्ताराम पाष्टे यांनी बिघडवलेला नाही. तो मी बिघडवला. त्यांचं काम बिनचूक होतं, आणि त्यांचं हेडमिस्त्रीपद माझ्या गप्प बसण्याने गेलं. समितीला हे छापणं अवघड वाटत असेल तर माझा लेखच वगळावा, यातलं एक वाक्य गाळू नये. शेठनाही मी उद्या सांगणार आहे.

पाष्टेमामांना भरपूर आयुष्य मिळो, तब्येत ठणठणीत राहो, मामींचं आणि त्यांचं हसणं-भांडणं वर्षानुवर्षं चालो, आणि नातवाला ते निर्धास्त, खसखसून न्हाऊ घालोत. निघताना त्यांनी मला दारापर्यंत सोडलं, पण काही बोलले नाहीत. त्यांनी मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. आणि या वेळी मी तर्क लढवणार नाही.