दातात दोरा

मला गप्प बसवणं आमच्या घरात कुणालाच जमलं नाही. ते काम शेवटी एका दोऱ्यानं केलं.

आमच्या मुर्री गावाहून येऊन मी गोंदियातल्या एका ब्युटी पार्लरमध्ये कामाला लागले. मालकीणबाईंना सगळे दीदी म्हणायचे. मेहंदी, फेशियल मला यायचं. आयब्रो यायच्या नाहीत. दीदींनी पहिल्याच दिवशी साफ सांगितलं, "लग्नसराई लागायच्या आत हात बसला त राहा, नाही त मी दुसरी पाहीन." घरी भांडून धरलेली नोकरी होती. तोंड पाडून परत जाणं मला मरणाहून वाईट वाटत होतं.

आयब्रोसाठी दोऱ्याचं एक टोक दातात धरायचं आणि बाकीचा बोटांत पिळायचा. म्हणजे तोंड मिटलेलं पाहिजे. आणि मला तर गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, की "कोण्या गावच्या जी?" विचारल्याशिवाय चैन पडायचं नाही. विचारलं की दोरा सुटायचा. दीदी तीन बायका उरकायच्या तोवर माझी एक व्हायची, तीही अर्धी. तिच्या माहेरची खबर मात्र मला पूर्ण असायची.

"तू बोलून राहिली का काम करून राहिली?" दीदी वैतागायच्या. आधी त्यांनी माझ्याच पायावर सराव करायला लावला. पोटऱ्या गुळगुळीत झाल्या, जीभ होती तशीच राहिली.

मग एका दुपारी त्या स्वतःच खुर्चीत बसल्या आणि डोळे मिटले. "आता माझ्यावर कर. बोलली त माझी आयब्रो गेलीच समज."

मी डावी केली. उजवी करत आणली. जन्मात एवढा वेळ मी गप्प राहिले नव्हते. दोनच केस उरले होते आणि दीदींनीच विचारलं, "झालं का वं?"

"झालंच," मी म्हणाले.

दोरा सटकला आणि जाता जाता उजव्या आयब्रोचं शेपूट घेऊन गेला.

दीदींनी डोळे उघडून आरशात पाहिलं. मी मुकाट्यानं पर्स उचलली.

"कुठं चालली?" पेन्सिलीनं शेपूट रंगवत त्या म्हणाल्या. "अर्धी आयब्रो घालवून शिकवलं तुले. आता दुसरीच्या पार्लरात जाऊ देईन का मी?"

त्या लग्नसराईत मी दीदींच्या बरोबरीनं बायका उरकल्या. कुणी काही विचारलं तर नुसती मान हलवायचे.

दीदींची आयब्रो वाढून आली, तेव्हा ती नीट करायला त्यांनी मलाच बोलावलं. मी दोरा दातात धरला. त्यांनी खुर्चीत मान मागं टाकली आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.