खडी संपल्यावर

साठ सालच्या सुमारास मी बंगळूरच्या एका कारखान्यात होतो. द्राक्षमळ्यांमधून, कालव्याच्या काठानं सायकलवर जायचो. पुढं रोज एक म्हातारे मराठी गृहस्थ असायचे. खडी आली की ते उतरून सायकल ढकलत. खडी संपली की बसत, पण पाय टेकून तसेच थांबत. वाट अरुंद, मला भोंग्याची घाई. एकदा चिडून विचारलं, "अण्णा, कुणाची वाट बघताय?"

"बायको कानडी. खडीवर घाबरून उतरायची. परत मागं बसली की 'सरी' म्हणायची, म्हणजे 'ठीक आहे', मग मी निघायचो. आता म्हणायला कोण आहे?"

दुसऱ्या दिवशीही ते थांबले. मी मागून हळूच म्हटलं, "सरी."

वळून न बघता ते निघाले. मागं कुणी बसलं असावं तसे, जपून.